वाहतं रक्त थांबवताना या चुका टाळा

बोट कापलं की कापलेली रक्तवाहिनी काही सेकंदांत स्वतःच आकसते. तिच्या फाटलेल्या भिंतीतलं कोलॅजन उघडं पडतं, त्यावर रक्तातलं फॉन विलेब्रँड घटक नावाचं प्रथिन चिकटतं आणि त्याला धरून प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या बारीक चकत्यांसारख्या पेशी, थांबतात. थांबलेली प्लेटलेट आकार बदलते, एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन ही इतर प्लेटलेटना बोलावणारी रसायनं सोडते, मग आसपासच्या आणखी प्लेटलेट तिथे गोळा होतात. अशा रीतीने काही मिनिटांत छिद्रावर बूच बसतं. पण ते कच्चं असतं. त्याला पक्कं करणारी फायब्रिन या चिवट प्रथिनाची जाळी त्याच जागी, जरा सावकाश विणली जाते. थ्रॉम्बिन हे विकर रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून धागे बनवतं आणि रक्त साकळवणाऱ्या क्रमांकित घटकांपैकी तेरावा घटक त्या धाग्यांना एकमेकांशी जोडून टाकतो. घरात होणाऱ्या बहुतेक चुका या कच्च्या बुचाला जाळी बसायच्या आत हलवण्याच्या असतात. उरलेल्या चुका औषधांच्या आणि आकड्यांच्या.

दर मिनिटाला कापड उचलून बघणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ‘थांबलं का?’ म्हणून कापड उचललं की त्याला चिकटलेलं बूच निघून येतं आणि शरीराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. स्वच्छ सुती कापडाची किंवा गॉजची जाड घडी थेट जखमेच्या तोंडावर ठेवा, तळहाताने घट्ट दाबा आणि घड्याळ लावून सलग १० मिनिटं हात हलवू नका. हाता-पायाची जखम असेल तर तो भाग छातीपेक्षा वर धरा. घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवा. दुसरीही भिजली तर दाब जखमेच्या तोंडावर न पडता बाजूला पडतोय, किंवा तो कमी पडतोय. हात नीट जागेवर आणून जोर वाढवा आणि दवाखान्याकडे निघा. रक्त उसळ्या मारत बाहेर येत असेल तर १० मिनिटं थांबायचं नाही. दाब धरूनच दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

नळाखाली बोट धरून उभं राहणं हीदेखील तीच चूक. किरकोळ जखम एकदा धुवून माती काढणं योग्यच आहे, पण पाणी चालू राहिलं तर जमू पाहणाऱ्या प्लेटलेट वाहून जातात. जखमेत काच किंवा खिळा रुतला असेल तर तो उपसू नका. अनेकदा त्यानेच वाहिनीचं तोंड दाबून धरलेलं असतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाब द्या.

हळद, कॉफी पावडर, चुना

हळद दाबली आणि रक्त थांबलं, हा अनुभव खोटा नाही. पण थांबवण्याचं काम दाबण्याने केलेलं असतं, श्रेय हळदीला जातं. पावडर जखमेत बसली की टाके घालण्याआधी डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते, जखम किती खोल आहे ते दिसत नाही आणि जंतू आत जातात ते वेगळंच. चुन्याने तर कातडी भाजते.

सुतळी किंवा नाडी आवळून बांधणं त्याहून वाईट. अर्धवट आवळलेली दोरी फक्त वरच्या शिरा बंद करते. खोलवरची धमनी चालूच राहते, त्यामुळे आत येणारं रक्त परत जाऊ शकत नाही आणि जखमेतून वाहणं उलट वाढतं.

घोळणा फुटल्यावर मान मागे टाकणं

मान मागे टाकली की रक्त दिसेनासं होतं, थांबत मात्र नाही. ते घशातून पोटात जातं आणि थोड्या वेळाने काळपट उलटी होते. आडवं झोपवणं, डोक्यावर पाणी ओतणं, कांदा हुंगवणं यानेही नुसता वेळ जातो.

नाकातून येणारं रक्त बहुतेक वेळा पुढच्या भागात, मधल्या पडद्यावरच्या बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून येतं. म्हणून दाब द्यायचा तो नाकाच्या मऊ भागावर. चष्मा टेकतो ते वरचं हाड धरून काही उपयोग नाही, आणि बरेच जण नेमकं तेच धरतात. बसून थोडं पुढे झुका, अंगठा आणि तर्जनीने दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरा, तोंडाने श्वास घ्या आणि सलग १० ते १५ मिनिटं सोडू नका. तोंडात आलेलं रक्त गिळू नका, थुंका. थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नका, खपली बोटाने काढू नका, फार गरम चहा टाळा. २० ते ३० मिनिटं दाबूनही थांबलं नाही, मार लागल्यानंतर सुरू झालं असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रुग्णालय गाठा.

दात काढल्यावर चूळ भरणं

दाताच्या खळग्यात साकळलेली गुठळी हेच तिथलं मलम. जोरात थुंकलं, चूळ भरली किंवा स्ट्रॉने ओढून प्यालं की तोंडात खेच तयार होते आणि गुठळी निसटते. लाळेतही गुठळी विरघळवणारे घटक असतात, त्यामुळे तोंडातली गुठळी हाताच्या जखमेपेक्षा लवकर ढिली पडते. गॉजचा बोळा ३० ते ४५ मिनिटं दातांत घट्ट धरा, चघळू नका. पहिले २४ तास चूळ, स्ट्रॉ, तंबाखू आणि गरम पदार्थ बंद. लाळ गुलाबी दिसली म्हणून घाबरू नका. थेंबभर रक्तानेही तोंडभर लाळ रंगते.

दुखतंय म्हणून कोणतीही गोळी

अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं यंत्र कायमचं बंद करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला ते पुन्हा तयार करता येत नाही. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं, म्हणजे एका गोळीचा परिणाम पुसायला जवळपास आठवडा लागतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही हेच करतात, फक्त औषध अंगात असेपर्यंत. जखमेच्या किंवा दाताच्या दुखण्याला पॅरासिटामॉल घेतलं तर प्लेटलेटच्या कामात अडथळा येत नाही.

याची उलट चूक जास्त घातक आहे. स्टेंट (हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवलेल्या माणसाने दात काढायचा म्हणून स्वतःच अ‍ॅस्पिरिन थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयाच्या धमनीतली गुठळी तशी काढता येत नाही. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका.

वॉर्फरिन किंवा असेनोकुमेरॉल ही रक्त पातळ करणारी औषधं घेणारे वेगळीच चूक करतात. ‘पालेभाजी बंद’ असं ऐकून पालक, मेथी पूर्ण सोडतात आणि सणावाराला भरपूर खातात. रक्त साकळवणारे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा घटक बनवायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं आणि ही औषधं तेच अडवतात. भाजी रोज साधारण सारखीच खाल्ली तर डोस त्यानुसार बसवता येतो. एका वेळची गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. कंबरेत किंवा दंडात स्नायूत इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर हे औषध चालू असल्याचं आधी सांगा. हिमोफिलिया (रक्त नीट न साकळण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलांच्या बाबतीतही इंजेक्शनआधी हेच सांगा. त्यांच्यात बूच बसतं पण जाळी नीट विणली जात नाही, म्हणून वरवरचं खरचटणं लवकर थांबतं आणि स्नायूत किंवा सांध्यात आतल्या आत रक्त साठतं.

डेंग्यूत फक्त प्लेटलेट मोजत बसणं

पावसाळा सरता सरता ‘किती आल्या?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. नॉर्मल आकडा दीड ते साडेचार लाख. तो ४० हजारांवर उतरला की नातेवाईक प्लेटलेटच्या पिशवीच्या शोधात पळू लागतात, पण रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावरच देतात. डेंग्यूतला मोठा धोका वाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, गळण्याचा असतो. ते कळतं हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढण्यावरून, रक्तदाबावरून आणि लघवी कमी होण्यावरून. ताप उतरतो त्याच सुमारास, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ही गळती सुरू होते. आणि घरचे नेमके तेव्हा निर्धास्त होतात. सतत पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा ग्लानी दिसली तर आकडा चांगला असला तरी दाखल व्हा. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन इथे पूर्ण वर्ज्य.

पपईच्या पानांच्या रसाची गोष्ट हळदीसारखीच. बऱ्याच रुग्णांत प्लेटलेट ताप उतरल्यावर आपोआप वर येतात, आणि रस त्याच दिवशी सुरू केलेला असतो. रसाने गळती थांबत नाही. त्या कडू रसाने उलट्या झाल्या तर शरीरातलं पाणी मात्र आणखी कमी होतं.

अंगावर एकही डाग नाही, ताप नाही आणि रिपोर्टात अचानक ३० हजार आले, तर आधी रक्त घेतलेल्या नळीवर संशय घ्या. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त साकळू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या मोजत नाही. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पुंजके दिसतात. निळ्या झाकणाच्या, सायट्रेट हे दुसरं तसंच रसायन असलेल्या नळीत पुन्हा मोजून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीत ९ भाग रक्तात १ भाग द्रव असतो. तीच निळी नळी पीटी-आयएनआरसाठी, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या चाचणीसाठी, वापरतात. ती खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटा वाढलेला येतो.

प्लेटलेटची पिशवी आणायला गेलात तर ती बर्फाच्या डब्यात ठेवू नका. लाल पेशींची पिशवी थंड लागते, प्लेटलेटची २० ते २४ अंशांवर हलती ठेवतात आणि ती ५ दिवस टिकते. थंडीत प्लेटलेटचा आकार बदलतो आणि अंगात गेल्यावर यकृत त्या लवकर काढून टाकतं. रक्तपेढीतून थेट वॉर्डात न्या, वॉर्डातल्या फ्रीजमध्येही ठेवू देऊ नका.

घोणस किंवा फुरसं चावल्यावर

कोकणात फुरसं आणि राज्यभर शेतांत घोणस. दोघांच्या विषाने रक्त अंगातच साकळू लागतं, फायब्रिनोजेन संपतं आणि मग बाहेर साकळायला काही उरत नाही. म्हणून दंशाच्या जागी ब्लेडने चिरा देणं इथे सर्वांत वाईट. ती चीर तासन्‌तास वाहत राहते. दोरी आवळू नका, पाय हलू न देता रुग्णालयात न्या.

ग्रामीण रुग्णालयात निदान होतं ते २० मिनिटांच्या चाचणीने, आणि ती सोपी असल्यामुळेच बिघडते. शिरेतून काढलेलं २ मिली ताजं रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरकं करायचं. वाहिलं तर रक्त साकळत नाही. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही साकळत नाही, कारण साकळण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागाने होते. मध्येच हलवून पाहिलं तरी निकाल चुकतो. शंका असेल तर निरोगी माणसाचं रक्त तशाच दुसऱ्या नळीत शेजारी ठेवावं. नाग आणि मण्यार यांच्या दंशात ही चाचणी नॉर्मल येते, त्यामुळे ‘साकळलं, घरी जा’ असं म्हणता येत नाही. प्रतिविष दिल्यावर तासाभरात पुन्हा चाचणी करून आणखी कुप्या फोडण्यातही अर्थ नाही. संपलेले घटक नव्याने तयार करायला यकृताला साधारण ६ तास लागतात, म्हणून पुढची चाचणी ६ तासांनी करतात.