चित्रकार ओळखा : मोठं नाव घेण्याआधी या चुका टाळा

अनोळखी चित्र समोर आलं की पहिल्या काही सेकंदांतच एखादं मोठं नाव जिभेवर येतं. पार्श्वभूमी काळोखी दिसली की कारावाज्जो, पाण्यावर उजेडाचे ठिपके दिसले की मोने, चेहऱ्याचे तुकडे दिसले की पिकासो. चित्रकार ओळखण्याच्या खेळात सर्वांत जास्त गुण इथेच जातात. प्रत्येक मोठ्या नावामागे त्याच पद्धतीनं रंगवणारे अनेक कसलेले चित्रकार असतात आणि कोडं घालणारा बहुधा त्यांच्यातलाच एखादा निवडतो. म्हणून आधी काळ ठरवा, मग प्रदेश, मग विषय. नाव सगळ्यांत शेवटी.

काळोख म्हणजे कारावाज्जो नव्हे

कारावाज्जो १६१० साली वारला. त्यानंतरही बराच काळ रोम, नेपल्स आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे चित्रकार त्याच्या छायाप्रकाशाच्या पद्धतीनं रंगवत होते. अशा चित्रापुढे पहिला प्रश्न विचारायचा तो हा : उजेड येतोय कुठून? कारावाज्जोच्या बहुतेक चित्रांत उजेडाचा उगम चौकटीबाहेर असतो, तिरका आणि वरून येणारा. मेणबत्ती चित्रातच जळत असेल, तर आधी उट्रेख्टचा हॉन्टहॉर्स्ट किंवा आजच्या फ्रान्समधल्या लोरेन प्रदेशाचा जॉर्ज द ला तूर यांचा विचार करा.

या दोघांतही गल्लत होते, कारण दोघंही ज्योत हाताआड लपवतात. हॉन्टहॉर्स्टची माणसं बोलतात, हसतात. दात, सुरकुत्या, कपड्यांच्या भरपूर चुण्या दिसतात. ला तूरची माणसं निश्चल असतात, चेहरे गुळगुळीत, चुण्या मोजक्याच. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातलं त्याचं सुतार जोसेफचं चित्र मोठं करून पाहा : ज्योतीपुढे धरलेल्या मुलाच्या बोटांतून उजेड आरपार येतो आणि बोटांची कड तांबूस होते. हे एकदा नीट पाहिलं की ला तूर सहसा चुकत नाही.

मात्र उजेडाचा उगम दिशा दाखवतो, निकाल देत नाही. डब्लिनमधलं ख्रिस्ताच्या अटकेचं चित्र बराच काळ हॉन्टहॉर्स्टच्या नावावर होतं. त्यात कंदीलही आहे. १९९० च्या सुमारास ते कारावाज्जोचंच असल्याचं ध्यानात आलं.

सही वाचली की काम झालं, असं समजू नका

सही मागाहून घालता येते आणि जास्त भाव येणाऱ्या नावाची घातली जाते. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीरचं ‘चित्रकलेची कला’ हे चित्र १८१३ साली विकलं गेलं ते त्याच्याच काळातल्या पीटर द होखचं म्हणून. त्यावर द होखची खोटी सही होती. खरी सही चित्रातल्या भिंतीवरच्या नकाशावर आहे. त्यामुळे फक्त खालचा उजवा कोपरा पाहून थांबू नका. नकाशा, पुस्तकाची कड, पायरी, भांड्याचा काठ, खांबाचा पाया हेही तपासा.

सतराव्या शतकातली डच चित्रकार युडिथ लेस्टर हिच्या बाबतीत नुकसान आणखी मोठं झालं. तिची चित्रं त्याच काळातल्या फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराच्या नावावर खपत होती. लूव्हरनं घेतलेल्या अशाच एका चित्रावर १८९३ साली तिचं चिन्ह उघडकीला आलं : गुंफलेली जे आणि एल ही अक्षरं आणि त्यांना जोडलेला तारा. हाल्ससारखे मोकळे फटकारे आणि हसरी माणसं दिसली, तर हा तारा शोधल्याशिवाय उत्तर देऊ नका.

काही चिन्हं तर तारीखही सांगतात. सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार लुकास क्रानाख सहीऐवजी पंखवाला साप काढायचा. त्या सापाचे पंख आधी उभे, वटवाघळासारखे असतात. साधारण १५३७ पासून ते मिटलेले, पक्ष्यासारखे दिसतात. फक्त हे चिन्ह त्याच्या कार्यशाळेतल्या चित्रांवरही येतं, म्हणून ‘क्रानाख किंवा त्याची कार्यशाळा’ हे उत्तर जास्त सुरक्षित.

पोशाखावरून काढलेलं शतक

गळ्याभोवती चुणीदार गोल कॉलर दिसली की सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध ते सतराव्याचा पूर्वार्ध, घेरदार पिंजऱ्याचा झगा दिसला की १८५० ते १८६० चं दशक. हा हिशेब समोर बसवून काढलेल्या व्यक्तिचित्रांना लागू पडतो. ऐतिहासिक चित्रांत तो फसतो. फ्रेंच चित्रकार देलारोशनं इंग्लंडच्या लेडी जेन ग्रेच्या शिरच्छेदाचं चित्र १८३३ साली रंगवलं. प्रसंग १५५४ चा. अशा वेळी कपड्यांपेक्षा रंगवण्याची तऱ्हा पाहा. रंग नितळ, फटकारे जवळपास अदृश्य आणि मांडणी रंगमंचासारखी असेल, तर एकोणिसावं शतक जवळ करा.

विषयातही एक नेहमीची अडचण आहे. बाईजवळ पुरुषाचं कापलेलं मुंडकं असेल, तर ती ज्युडिथ (शत्रूच्या सेनापतीचं डोकं कापणारी) की सलोमी (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं मागणारी)? दोघी बायबलच्या कथांतल्या. तबक असेल तर सहसा सलोमी. तलवार आणि पिशवी धरलेली दासी असेल तर ज्युडिथ. तलवार आणि तबक दोन्ही दिसली तर तलवारीला महत्त्व द्या. विषय पक्का झाला की शोध निम्म्यावर येतो, कारण संग्रहालयांच्या याद्या विषयानुसारही चाळता येतात.

एकाच विषयातले दोन हात

व्हर्मीर आणि द होख, दोघंही डेल्फ्ट या डच शहरातल्या घरांच्या खोल्या रंगवतात. द होखकडे दारातून पुढची खोली, त्यापलीकडे अंगण किंवा रस्ता अशी नजर आत आत जाते. व्हर्मीर बहुधा एका कोपऱ्यात थांबतो. डावीकडे खिडकी, मागे भिंत.

मोने आणि रनवारनं १८६९ साली ग्रेनुयेर या नदीकाठच्या ठिकाणी एकाच जागेची चित्रं काढली. मोनेचं पाणी रुंद, आडव्या, ठळक पट्ट्यांचं आहे. रनवारचे फटकारे मऊ, बारीक आहेत आणि माणसांच्या कपड्यांत तो जास्त रमतो. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा; याहून चांगला सराव नाही.

माणसांच्या चित्रांत कान आणि नखं जरूर पाहा. एकोणिसाव्या शतकात जोवान्नी मोरेल्लीनं हीच पद्धत मांडली : चेहरा चित्रकार विचार करून रंगवतो, पण कानाची पाळी हाताच्या सवयीनं उतरते.

पडद्यावरची फसगत

दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र जेमतेम २४ × ३३ सेंटिमीटरचं आहे, रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ साडेतीन मीटरांहून उंच. फोनवर दोन्ही सारखीच दिसतात. कॅनव्हासची वीण ठळक दिसत असेल तर मूळ चित्र लहान असण्याची किंवा तुकडा छोटा कापलेला असण्याची शक्यता जास्त. रंगांवरही भिस्त ठेवू नका : पिवळसर छटा चित्रकाराची नसून जुन्या वॉर्निशची असू शकते. ‘नाइट वॉच’ हे नावही काळवंडलेल्या वॉर्निशमुळेच चिकटलं. प्रसंग दिवसाचा आहे.

उत्तर पडताळायला उलट प्रतिमाशोध (शब्दांऐवजी फोटो टाकून शोधणं) वापरताना लोक चौकटीसकट फोटो टाकतात आणि शोधयंत्र चौकटीच शोधून देतं. चौकट कापा. आधी पूर्ण चित्र शोधा, मग एखादा वेगळा तपशील (टोपी, कुत्रा, हाताची ठेवण), मग चित्र आडवं उलटवून पुन्हा. कोरीव छापात मूळ चित्र बहुधा आरशातल्यासारखं उलटं येतं, म्हणून ही तिसरी फेरी गाळू नका. डच आणि फ्लेमिश चित्रांसाठी आरकेडी या डच संस्थेचा खुला संग्रहही पाहा.

दहा ठिकाणी एकच नाव दिसलं तरी ते एकमेकांवरून उतरवलेलं असू शकतं. हातात दिवा धरून उभ्या असलेल्या साडीतल्या मुलीचं, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्र कितीतरी ठिकाणी राजा रविवर्म्याच्या नावानं फिरतं. ते सावळाराम हळदणकरांचं जलरंगचित्र आहे, १९४० च्या दशकातलं. रविवर्मा १९०६ सालीच गेले. शेवटचा शब्द संग्रहालयाच्या स्वतःच्या पानाचा : माध्यम, माप, साल आणि नोंदक्रमांक जुळतात का, ते पाहा. तिथे ‘कार्यशाळा’, ‘अनुयायी’ किंवा ‘शैलीत’ असं लिहिलेलं असेल, तर उत्तरातही तेवढंच म्हणा.

कोडं घालणाऱ्यांसाठी

फाइलच्या नावात चित्रकाराचं नाव राहून जातं, ते बदला. लांब बाजू किमान २००० पिक्सेल ठेवा, नाहीतर फटकारे दिसतच नाहीत आणि खेळ निव्वळ अंदाजाचा होतो. चित्राचं माप आणि माध्यम सोबत द्या. गुण विभागा : शतकाला १, प्रदेशाला १, विषयाला १, चित्रकाराला ३, म्हणजे ला तूरऐवजी हॉन्टहॉर्स्ट म्हणणाऱ्यालाही शतकाचा गुण मिळतो. आणि ज्याच्या कर्त्याबद्दल तज्ज्ञांतच वाद आहे, उदाहरणार्थ जॉर्जोने की टिशियन असा प्रश्न असलेलं लूव्हरमधलं संगीत-मैफलीचं चित्र, ते घ्यायचंच असेल तर दोन्ही नावं बरोबर धरा.