गच्चीखालची खोली तापते? इन्सुलेशन घ्यायच्या आधी ती कॉम्प्युटरवर तापवून बघा

नागपुरात शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, मे महिन्यात खरा त्रास दुपारी नसतो, रात्री असतो. दुपारी पडदे ओढून कूलरसमोर माणूस कसंतरी निभावतो, पण रात्री अकराला पलंगावर पडलं की वरून स्लॅब शेकायला लागतो. आमच्या घरी नवतपा (मे अखेरीचे नऊ सगळ्यात कडक उन्हाचे दिवस) आला की गाद्या खालच्या मजल्यावर जायच्या. शेवटी इन्सुलेशन करायचं ठरलं, तीन विक्रेते येऊन गेले, तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येकाचंच मटेरियल भारी होतं. म्हटलं आता आपणच हिशोब करून बघू. मी इंजिनिअर नाही, पण फुकटातली टूल्स वापरून हे जमतं, फक्त दोन-तीन शनिवार-रविवार द्यावे लागतात.

सुरुवात साध्या गूगल शीटने करा. छताचे थर वरून खाली लिहून काढा, प्रत्येकाची जाडी मीटरमध्ये आणि त्याची कंडक्टिव्हिटी म्हणजे त्यातून उष्णता किती सहज जाते तो आकडा. आरसीसीचा साधारण १.५८, विटांच्या कोब्याचा ०.७ धरा, प्लास्टरचा ०.७२, एक्सपीएस शीटचा (थर्माकोलच्या जातीतली, पण जास्त घट्ट फोम शीट) ०.०३५ (डेटाशीटवर याहून कमी लिहिलेला असतो, आपण थोडं कडक धरलेलं बरं). जाडी भागिले कंडक्टिव्हिटी केलं की त्या थराचा विरोध मिळतो, सगळ्यांची बेरीज करा, त्यात आतल्या-बाहेरच्या हवेच्या थराचे मिळून ०.२१ टाका आणि १ ला त्या बेरजेने भागा. झाली तुमची यू-व्हॅल्यू, म्हणजे सगळ्या छतातून मिळून उष्णता किती सहज जाते तो आकडा, जितकी कमी तितकं चांगलं.

आमचं छत म्हणजे १२ मिमी प्लास्टर, १२५ मिमी स्लॅब, वर १०० मिमी कोबा, त्याची यू-व्हॅल्यू आली २.२३. बीईईच्या (केंद्र सरकारचा ऊर्जा बचतीचा विभाग) इको निवास संहिता २०१८ मध्ये घराच्या छतासाठी मर्यादा आहे १.२, म्हणजे आम्ही जवळपास दुप्पट. आता शीटमध्ये २५ मिमी एक्सपीएसची एक ओळ वाढवली तर ०.८६, ५० मिमीला ०.५३, ७५ ला ०.३९ आणि १०० ला ०.३०. बघा, पहिल्या इंचात केवढी उडी आहे आणि पुढे कशी आटत जाते. विक्रेता १०० मिमी घ्या म्हणत असेल तर ही रांग त्याच्यासमोर ठेवा, शेजारी प्रत्येक जाडीचा त्याचाच स्क्वेअर फुटाचा रेट लिहा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

एक फसगत मात्र टाळा. काही ब्रोशरमध्ये आर-व्हॅल्यू, म्हणजे वर काढला तोच थराचा विरोध, अमेरिकन मापात असते, ती आपल्या मापात आणायला ५.६८ ने भागावं लागतं. आमच्याकडे एक जण चकचकीत फॉइलवाली बबल शीट घेऊन आला होता, आर-व्हॅल्यू १० म्हणे, आणि ती थेट कोब्याखाली दाबून टाकणार होता. फॉइल काम करतं ते समोर हवेची पोकळी असेल तर, काँक्रीटमध्ये गाडल्यावर ती फक्त एक पातळ प्लॅस्टिकची शीट उरते.

पण यू-व्हॅल्यूला रात्र कळत नाही. तोच एक्सपीएस स्लॅबच्या वर टाका नाहीतर खाली छताला चिकटवा, शीटमध्ये उत्तर एकच येतं, आणि राहणाऱ्याला फरक जमीन-अस्मानाचा पडतो. वर टाकला तर स्लॅबपर्यंत ऊन पोचायलाच वेळ लागतो आणि स्लॅब खोलीच्या बाजूने गार राहतो. खाली लावला तर स्लॅब दिवसभर भट्टीसारखा तापतो, थंडी-उन्हाने आकसतो-फुगतो, भेगा वाढतात, फक्त एसी लावल्यावर खोली पटकन गार होते हा एक फायदा. हे तासातासाने बघायचं तर खरं सिम्युलेशन लागतं.

त्यासाठी एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर, अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं, फुकट. नुसतं वापरायला रुक्ष आहे म्हणून ओपनस्टुडिओमधून चालवा. आधी हवामानाची फाइल लागते, ईपीडब्ल्यू म्हणतात तिला, वर्षाच्या ८७६० तासांचं तापमान, ऊन, वारा, दमटपणा सगळं त्यात असतं. क्लायमेट डॉट वनबिल्डिंग साइटवर भारतातल्या शहरांच्या मिळतात, नागपूरचीही आहे. ती बर्कलेच्या क्लायमा टूलमध्ये टाकून एकदा नजर फिरवा, मे महिन्यातल्या रात्री किती तापमानाला थांबतात ते तिथेच दिसतं. फक्त लक्षात ठेवा, ही फाइल 'सरासरी' वर्षाची असते, सगळ्यात जाळणाऱ्या वर्षाची नाही.

मग खोली काढा. पूर्ण घर काढायच्या भानगडीत पडू नका, मी पडलो आणि एक रविवार वाया गेला. सगळ्यात तापणारी एकच खोली, तिच्या खिडक्या, आणि खालची जमीन 'अ‍ॅडियाबॅटिक' (उष्णता आरपार न जाऊ देणारी) करा कारण खाली आपलंच घर आहे, तिकडून फारशी देवाणघेवाण नाही. प्रत्येक मटेरियलला कंडक्टिव्हिटीसोबत घनता आणि स्पेसिफिक हीटही (ते तापायला किती उष्णता लागते तो आकडा) भरावी लागते, रात्रीचा सगळा खेळ त्यावरच आहे. एसी बंद ठेवा, खिडक्या रात्री उघड्या आणि दुपारी बंद असं शेड्यूल द्या. आउटपुटमध्ये 'सरफेस इनसाइड फेस टेम्परेचर' मागा, म्हणजे छताची आतली बाजू किती तापली ते.

पहिला रन आहे त्या घराचाच करा आणि तो खरा आहे का ते तपासा. मी एक इन्फ्रारेड थर्मामीटर गन आणून दोन दिवस दर तीन तासांनी छताचं तापमान वहीत लिहिलं, घरच्यांनी वेड्यात काढलं ती गोष्ट वेगळी. हवामानाची फाइल वेगळ्या वर्षाची, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण छत सगळ्यात जास्त कधी तापतं ती वेळ आणि चढउताराचा आकार जुळायला हवा. नाही जुळला तर बहुतेक वेळा कोब्याची जाडी चुकलेली असते.

यानंतर एकावेळी एकच गोष्ट बदला. इन्सुलेशनच्या आधी पांढरा रंग करून बघा, फुकट आहे ना कॉम्प्युटरवर! सगळ्यात वरच्या थराचा सोलर अ‍ॅब्सॉर्प्टन्स, म्हणजे तो किती ऊन शोषतो तो आकडा, जुन्या काळपट सिमेंटला ०.७ धरला असेल तर चुना किंवा कूल रूफ पेंटसाठी ०.३ करा, आणि एक रन ०.५ चाही घ्या, कारण आपल्याकडची धूळ बसल्यावर पांढरा काही पांढरा राहत नाही. ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालतं, दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्ची धुवा आणि पुन्हा हात मारा. मग २५ मिमी एक्सपीएस, मग ५०, मग वर की खाली. सगळे ग्राफ एकावर एक ठेवा आणि फक्त रात्री नऊ ते दोनचा भाग बघा, झोपायचं तेव्हाच आहे. छत गार झालं तरी खोली तापतेच असं दिसलं तर दोष पश्चिमेच्या भिंतीचा, तिथे इन्सुलेशनपेक्षा बाहेरून सावली आधी टाकून बघा.

आम्ही ५० मिमी एक्सपीएस स्लॅबच्या वर आणि त्याच्या वर पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) असं ठरवलं. खालून थर्माकोल किंवा पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) उघडं लावणं आगीच्या दृष्टीने धोक्याचं, खालूनच करायचं असेल तर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची, न जळणारी लोकर) आणि त्यावर जिप्सम बोर्ड.

ऑर्डर द्यायच्या आधी मात्र टेप घेऊन गच्चीवर जा. स्लॅब गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग. आणि ५० मिमी शीट, वर ५० मिमी काँक्रीट म्हणजे गच्ची चार इंच वर येणार, जिन्याच्या दाराचा उंबरठा आणि पावसाच्या पाण्याचे आउटलेट तेवढे वर घ्यावे लागतात, नाहीतर जुलैत पाणी दाराखालून थेट जिन्यात.