आखाजीला लॉनचं पाणी तोडा: कमी पाण्यावरचं खान्देशी अंगण कसं उभं करावं

धुळ्याला घर बांधलं तेव्हा आम्हीही हौसेने पुढच्या अंगणात लॉन लावलं. ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपल्या मे महिन्याच्या उन्हात लॉन हिरवं ठेवायचं तर दिवसाला ६-७ मिलिमीटर तरी पाणी लागतं. म्हणजे रोज जवळपास ४०० लिटर, दोनशेचे दोन ड्रम काठोकाठ. एवढं पाणी बोअरमधून उपसून आम्ही गवताला पाजत होतो आणि गल्लीच्या तोंडाशी बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या. एकदा ते नीट दिसलं आणि मग पाइप हातात धरवेना.

लॉन काढायचं ठरवणं सोपं आहे. त्या जागी काय करायचं, तिथे माणसं चुकतात. कोणी पेव्हर ब्लॉक बसवतो, कोणी खडी पसरतो, कोणी प्लास्टिकचं हिरवं गवत आणतो. पाणी वाचतं खरं, पण पारा ४४-४५ वर गेला की तीच जमीन तव्यासारखी तापते आणि रात्री उशिरापर्यंत घराच्या भिंतींवर धग फेकत राहते. मग कूलर जास्त चालतो आणि कूलरलाही पाणी लागतंच. आपल्याकडे पाणी वाचवायचं म्हणजे माती झाकलेली आणि सावलीत ठेवायची. पुढचं सगळं त्याच एका गोष्टीसाठी आहे.

गवत मारण्याची वेळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला लॉनचं पाणी तोडा. आठ-दहा दिवसांत ते पिवळं पडेल, पण मेलं असं समजू नका. हरळीच्या (दूर्वेच्या) काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी खाली जिवंत असतात. शेतकरी उन्हाळी नांगरट कशासाठी करतो, तर हेच तण उलथं पाडून उन्हात भाजून काढायला. अंगणातही तेच करा. टिकाव किंवा कुदळीने वीतभर खोल ढेकळं काढा, उलटी टाका आणि पंधरवडाभर तशीच तळपू द्या. मग ढेकळं फोडत हाताने काड्या वेचा. या कामाला मजूर लावला तरी शेजारी बसा, कारण दोन पेरांची काडी राहिली तरी पावसात ती हातभर पसरते. वेचलेली हरळी खताच्या खड्ड्यात टाकू नका.

खणणं झेपत नसेल तर दुसरी वाट आहे. गवत खरडून जमीन एकदा चांगली भिजवा, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून बसवा आणि कडा मातीत गाडा. कागद काळा नको. पारदर्शक कागदातून ऊन थेट मातीपर्यंत पोचतं आणि ओल आत कोंडून वरचा थर भाजून निघतो. चार ते सहा आठवडे ठेवा. याने तणाचं बी आणि वरवरची मुळं जातात, लव्हाळा मात्र पुरता जात नाही. तो पावसाळ्यात दिसेल तेव्हा गाठीसकट उपटावा लागतो, त्याला पर्याय नाही.

मी ढेकळं काढत होतो तेव्हा शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. "काय करी राह्यना भाऊ? एवढं चांगलं हिरवं होतं!" मी त्यांना ड्रमांचं गणित सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या खुरपं घेऊन हरळी वेचायला बसल्या.

माती आणि उतार

आपली काळी माती पाणी धरते, ही जमेची बाजू. ती फुगते आणि भेगाळते, हे तिचं दुसरं अंग. म्हणून पाणी घराच्या पायापासून लांब, निदान दहा फुटांवर जिरलं पाहिजे. पहिल्या पावसाआधी अंगणाला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या आणि कडेला वीतभर खोल, दोन फूट रुंद असा पसरट चर काढा. छताची पन्हाळ त्या चरात सोडा. १००० चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६५ हजार लिटर पाणी येतं. ते गटारात जाऊ द्यायचं की मातीत, हे तो चर ठरवतो. ओल्या काळ्या मातीत मात्र कुदळ घालू नका, नाहीतर ती वाळल्यावर दगडासारखी होते. शेणखत मिसळायचं ते कोरड्यातच.

अंगणाचे फड पाडा

पांझरेच्या काठी, साक्रीकडे, फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि रानाचे पाडलेले फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात एकच पीक, म्हणजे त्या फडाची पाण्याची गरज सारखी आणि पाळीही एकच. बागेत आपण नेमकं उलटं करतो: मोगऱ्याशेजारी कोरफड लावतो, मोगऱ्यासाठी पाणी सोडतो आणि कोरफड कुजते.

अंगणाचे तीन फड पाडा. पाण्याजवळचा फड मोरीच्या तोंडाशी. तिथे केळी, अळू, गवती चहा. आपल्या जुन्या परसात केळ मोरीपाशीच असायची. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी मात्र रोज एकाच जागी सोडू नका, त्यातल्या क्षारांनी काळी माती आवळून येते. पाळीपाळीने जागा बदला. मधल्या फडात मोगरा, कढीपत्ता, पारिजातक. तिसरा फड सगळ्यात मोठा ठेवा, रुजल्यानंतर फारसं पाणी न मागणाऱ्या झाडांचा: तरवड, अडुळसा, निर्गुडी, कोरांटी, बोगनवेल, कोरफड, सीताफळ. जमिनीलगत रंग हवा असेल तर सदाफुली आणि ऑफिस टाइम. कण्हेरही छान तगते, पण ती विषारी आहे. घरात लहान मूल किंवा दारात गुरं असतील तर लावू नका.

आणि पश्चिमेला एक झाड हवंच. दुपारचं ऊन तिकडूनच मारतं. कडुनिंब लावणार असाल तर भिंतीपासून पंधरा-वीस फूट सोडा. तेवढी जागा नसेल तर शेवगा लावा. तो भरभर वाढतो, फांदी ठिसूळ असते म्हणून दरवर्षी छाटा, शेंगाही खा.

लागवड मृगात घाई करून करू नका. दोन चांगले पाऊस पडून हातभर ओल गेली की मगच.

ठिबक

केळीच्या बागांमुळे ठिबकचं सामान खान्देशात तालुक्याच्या गावातही मिळतं, त्याचा फायदा घ्या. १६ मिलिमीटरची लॅटरल (झाडांपर्यंत जाणारी बारीक नळी), तासाला ४ लिटर सोडणारे ड्रीपर, एक स्क्रीन फिल्टर (गाळ अडवणारी जाळी) आणि नळीच्या टोकाला झाकण म्हणून एंड कॅप, एवढ्यात काम भागतं. गच्चीवरच्या टाकीचा दाब छोट्या अंगणाला पुरतो, पंप लागत नाही. काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं, त्यामुळे एका झुडपाला एक ड्रीपर बास. मुरमाड जागेत पाणी सरळ खाली जातं, तिथे दोन लावा.

माझी २४ झुडपं आहेत. दीड तास ठिबक चाललं की प्रत्येकाला ६ लिटर, सगळी मिळून १४४ लिटर. भर उन्हाळ्यात आठवड्यातून दोन पाळ्या धरल्या तरी २८८. लॉन आठवड्याला २८०० लिटर पीत होतं. पहिल्या वर्षी मुळं धरेपर्यंत पाळ्या जास्त द्याव्या लागतात, हे धरून चाला.

बोअरचं पाणी जड असेल तर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा खार जमतो. झाड अचानक मलूल दिसलं की आधी ड्रीपर बघा. काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा आणि सकाळी फुंकून बसवा. महिन्यातून एकदा एंड कॅप उघडून गाळ वाहू द्या.

आच्छादन

हे टाळलं तर वरची सगळी मेहनत निम्म्यावर येते. चार बोटं जाड थर हवा. केळीची वाळलेली पानं, बारीक केलेल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), भुईमुगाची टरफलं, उसाचं पाचट, जे जवळ मिळेल ते. पऱ्हाट्या लोक बांधावर जाळतात, मागितल्या तर बहुतेक जण देतात. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, आणि उधईसाठी घराच्या भिंतीपासून दोन फूट.

मेच्या मध्यावर दुपारी चारला मी पानांचा थर बाजूला सारून बघितलं. वर हात ठेववत नव्हता. खाली माती गार, चुरचुरीत आणि ओलसर होती, एक गांडूळ सरकन आत गेलं. दोन फुटांवर उघड्या राहिलेल्या पट्ट्यात मात्र बोट जाईल एवढी भेग पडली होती. त्या दिवशी संध्याकाळीच तो पट्टा झाकला.

हिरवळ अगदीच हवी असेल तर हरळीचीच ठेवा, पण पसरट कुंडीत. जमिनीत सोडली तर फडाफडात शिरेल. उन्हाळ्यात ती करपते, पावसाबरोबर परत फुटते, आणि गणपतीला दूर्वा घरच्याच मिळतात.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून पाण्याचा दिवस ठरवून पाणी देऊ नका. थर सारून बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर कॉक बंदच ठेवा, कोरडं लागलं तर दीड तास सोडा. तरवड आणि निर्गुडीचं ठिबक तिसऱ्या वर्षी मी काढूनच टाकलं आणि त्या नळ्या काकूंच्या अंगणात लावल्या.