डीएनएतला करंट, कडक भाकरी आणि उद्याचा सेमिनार

काय करू लालास बे म्हणून विचारलं तर म्हणतोस उद्याच्या 'डीएनएतून चार्ज कसा जातो' या सेमिनारच्या पीपीटीला बॅकग्राउंड लावतोय. बॅकग्राउंड राहू दे, आधी वहीच्या एका पानावर दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून काढ, कारण मागच्या वर्षी मी बरोबर इथंच आपटलोय. लॅबमध्ये जेलला करंट लावून डीएनएचे तुकडे वेगळे करतो तेव्हा डीएनए प्लसकडं सरकतो ना, तिथं अख्खा रेणूच सरकतो, फॉस्फेटवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून. तो आपला विषय नाहीच. आपल्याकडं रेणू जागच्या जागी असतो आणि चार्ज त्याच्या आतून एका बेसवरून दुसऱ्या बेसवर जातो, बेस म्हणजे ग्वानिन, अ‍ॅडेनिन, सायटोसिन, थायमिन, डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या ज्यांच्या जोड्यांनी बनतात ते. हाच फरक सरांनी विचारला आणि मी पाच मिनिटं जेलचा फोटो दाखवत बसलो, मागच्या बाकावरची पोरं अजून चिडवतात.

मग कडक भाकरी. हसू नको, खरंच दहा-बारा घेऊन ये, अगदी सपाट मिळत नाहीत, त्यातल्या त्यात निवडून घे. एक भाकरी म्हणजे बेसची एक जोडी, एकावर एक चळत लावायची, प्रत्येक भाकरीवर पेनानं खूण करून पुढची साधारण ३६ अंश फिरवायची, दहा झाल्या की एक वेढा पूर्ण. खऱ्या डीएनएत दोन जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, आणि बेसच्या वर-खाली पाय (π) इलेक्ट्रॉनचे जे ढग असतात ते एकमेकांत थोडे घुसतात, चार्जची वाट तीच. आता मधली एक भाकरी काढून तिथं वाकडी, तुटकी घाल. हा मिसमॅच, म्हणजे न जुळणाऱ्या बेसची चुकीची जोडी. वरची खालचीला नीट टेकत नाही आणि चार्ज तिथं अडखळतो, सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनए बांधून एका बेसची चूक पकडतात ती याच जोरावर. फक्त एक सांगायला विसरू नको की भाकऱ्या गप पडून राहतात, खऱ्या जोड्या सतत हलत असतात, त्यामुळं वाट जुळते-मोडते.

नंतर शब्द ठरव. "इलेक्ट्रॉन पळतो" असं सरसकट म्हणू नको, बहुतेक प्रयोगांत होल सरकतो, म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्यावर राहिलेली रिकामी जागा. ग्वानिन इलेक्ट्रॉन सगळ्यात सहज सोडतो, त्याच्यामागून अ‍ॅडेनिन, सायटोसिन आणि थायमिन लई चिकट. म्हणून होल फिरून फिरून ग्वानिनवर येऊन बसतो, दोन ग्वानिन शेजारी असले तर तिथं आणखी लवकर, आणि ऑक्सिडेशनचं डॅमेजही मग अशाच ठिकाणी जास्त दिसतं.

एक ग्राफ मात्र हातानं काढायची प्रॅक्टिस कर, पीपीटीत नको, बोर्डावर. गिझे आणि त्यांच्या टीमनं २००१ मध्ये दाखवलं की दोन ग्वानिनच्या मध्ये एक, दोन, तीन ए-टी (अ‍ॅडेनिन-थायमिन) जोड्या असतील तर दर जोडीमागं होलचा वेग धाडकन पडतो, ते टनेलिंग, म्हणजे मध्ये कुठं न टेकता थेट पलीकडं. पण त्याच्या पुढं जोड्या वाढवल्या तरी वेग फारसा पडत नाही, कारण होल आता मधल्या अ‍ॅडेनिनवरच टेकत टेकत जातो, ते हॉपिंग. ओढा ओलांडताना दगड जवळ असला तर एका उडीत पार, लांब असला तर मधल्या दगडांवर पाय ठेवत जायचं, तसंच. हे नीट सांगितलंस तर अर्धा सेमिनार झाला समज.

तारखा चारच पाठ कर, पण त्यांची भांडणं समजून. १९६२ मध्ये एली आणि स्पायव्हीनं म्हटलं की बेसच्या चळतीतून करंट जाऊ शकेल. १९९३ मध्ये बार्टन यांच्या गटानं डीएनएच्या एका टोकाला रुथेनियमचं आणि दुसऱ्याला ऱ्होडियमचं कॉम्प्लेक्स (या धातूंची संयुगं) बांधलं, तर रुथेनियमची चमक विझली, म्हणजे सुमारे ४० अँगस्ट्रॉमवरून (४ नॅनोमीटर) इलेक्ट्रॉन गेला असा त्यांचा दावा, आणि त्यावर लई वाद झाला. १९९८ मध्ये ब्राउन आणि मंडळींनी सुमारे १६ मायक्रोमीटर लांबीचा डीएनए दोन इलेक्ट्रोडमध्ये ताणला, नुसत्या डीएनएतून करंट काय गेला नाही, चांदी चढवल्यावर गेला. आणि २००० मध्ये पोराथ, डेकर वगैरेंनी फक्त ग्वानिन-सायटोसिनच्या ३० जोड्या, म्हणजे जेमतेम १० नॅनोमीटर घेतल्या, तर तुकडा सेमीकंडक्टरसारखा वागला.

आता शेवटी कोणीतरी विचारणारच, मग डीएनए वायर आहे का नाही. हो पण म्हणू नको, नाही पण म्हणू नको, उलट चार प्रश्न टाक: किती लांब, सिक्वेन्स कुठला, ओला का सुकलेला, आणि इलेक्ट्रोडला कसा बांधलाय. पाणी गेलं की चळतीचा आकारच बदलतो, हे जोडीला सांग.

पेन ड्राइव्ह दोन घे. लाईट गेली तर प्रोजेक्टर बंद, म्हणून खडू आणि प्रिंटआउट जवळ असू दे. आणि भाकरीबरोबर शेंगा चटणी आणणारच असशील तर ती वेगळ्या पिशवीत ठेव, माझ्या त्या ग्राफवर तेलाचा डाग पडला होता आणि बाहेरून आलेल्या मॅडमना तो डेटा पॉइंट वाटला.