डीव्हीच्या (घरगुती हिंसाचाराच्या) केसला मैत्रिणीसोबत कोर्टात जाताय? या चुका टाळा

माझी सगळ्यात मोठी चूक चहाची. मैत्रिणीची डीव्हीची केस, बोर्डावर नंबर बराच खाली, म्हटलं पटकन कँटीनला जाऊन येते. परत आले तर सासूबाई हिच्या शेजारी बाकावर, मांडीवर नातू, "घरातलं घरात मिटवू गं" चालू, आणि समोरच्या वकिलाच्या फाईलवर ठेवलेल्या पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) हिची सहीपण झालेली, न वाचता! केस मागे घेतेय असं होतं त्यात. आमच्या वकीलबाईंनी ती जजपुढे जायच्या आधी थांबवली म्हणून निभावलं. तेव्हा पुकारा होईपर्यंत तिला एकटं सोडू नका, कॉरिडॉरमध्ये कशावरच सही नको. आणि तिलाच खरंच मिटवायचं असेल तर डाफरू नका, ते तिचं तिने ठरवायचं, फक्त अटी लेखी आणि जजसमोर.

दुसरं म्हणजे तिच्या वतीने बोलणं. वकिलांनी विचारलं काय झालं, ती गप्प, मीच घाईघाईत तारखेसकट सांगून टाकलं. तारीख चुकीची, अर्जात तीच गेली आणि उलटतपासणीत धरलं हिला. घरी बसून वहीत तिच्याच शब्दांत लिहा, तारीख आठवत नसेल तर "गणपतीच्या आदल्या आठवड्यात" चालेल, अंदाजपंचे आकडा नको.

निकाल लागला की पोटगी मिळेल म्हणून बसू नका. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं डीव्ही कायद्यात आहे, पाळलं किती जातं ते कोर्टाच्या पायऱ्यांना विचारा. कलम 23 खाली अंतरिम पोटगी पहिल्या अर्जासोबतच मागा. 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सो पासबुक, भाड्याच्या पावत्या आधीच गोळा करा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबणं तर फुकटची चूक. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, 15100 ला फोन लावा. माहेरी आली असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो.

आणि ऑर्डर मिळाली की पेढे वाटून मोकळे होऊ नका. कॉपी फुकट मिळते, ती घ्या, पोलीस स्टेशनला पोचली का स्वतः बघून या, फोटो तिच्या, तुमच्या आणि शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये ठेवा, कारण तो रात्री अकराला दार बडवायला आला की संरक्षण आदेश मोडणं हा गुन्हा आहे, 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे हवालदाराला कागद दाखवूनच सांगावं लागतं.