पोरांना रॅप लिहायला शिकवायचाय? अकालाची युक्ती करून बघा

अकाला म्हणजे लंडनच्या केंटिश टाऊनमध्ये वाढलेला रॅपर (नाव बौद्ध परंपरेतलं, म्हणजे आपला 'अचल'च). २००६ ला मोबो अवॉर्ड (ब्रिटनमधला कृष्णवर्णीय संगीताचा पुरस्कार) घेतलं आणि २००९ ला द हिपहॉप शेक्सपिअर कंपनी काढून पोरांच्या वर्कशॉप घ्यायला लागला. त्याची पद्धत कुठल्याही वर्गात चालते.

सुरुवातीला फळ्यावर काहीच लिहू नका, थेट कोडं घाला. आठ-दहा ओळी काढा, अर्ध्या शेक्सपिअरच्या, अर्ध्या रॅपर्सच्या, आणि हात वर करून ओळखायला सांगा की कोणाची कुठली. ओळी निवडण्यातच सगळी मेहनत आहे, कारण शिव्या, गाड्या, ब्रँड किंवा जुनाट इंग्रजी दिसलं की पोरं लगेच पकडतात, ते सगळं गाळा. २०११ ला त्याने इंग्लंडमधल्या ऑल्डबराच्या टेडएक्स भाषणात हेच केलं आणि समोरची शिकलेली माणसं धडाधड चुकली. उत्तरं लगेच सांगू नका हां.

मग ठेका. आयम्बिक पेंटामीटर (शेक्सपिअरचं वृत्त) हा शब्द तोंडातून काढू नका, पोरं झोपतील. छातीवर हात ठेवून हलका-जड, हलका-जड असं पाच वेळा म्हणायला लावा, झाली दहा सिलॅबलची (उच्चारातल्या तुकड्यांची) ओळ. आता फोनवर मेट्रोनोम (ठेका धरणारं ॲप) लावून शेक्सपिअरचं अठरावं सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, आधी मिनिटाला ८० ठोक्यांवर म्हणा, मग १४० वर, म्हणजे ग्राइमचा (लंडनच्या वेगवान रॅपचा) स्पीड. पहिल्यांदा जीभ अडखळतेच, पण तीन-चार वेळात बसते, अकाला स्वतः ते सॉनेट बीटवर म्हणून दाखवतो.

लिहायला बसवताना विषय देऊ नका, अडचण द्या. त्याने २००७ च्या 'कॉमेडी ट्रॅजेडी हिस्टरी' या गाण्यामध्ये शेक्सपिअरच्या नाटकांची नावं ओवलीत, तुम्ही पाच नावं द्या आणि म्हणा आठ ओळीत बसवा.

मराठीत करणार असाल तर जड-हलकं सोडा, आपल्याकडे तसा जोर पडत नाही, अक्षरं मोजा. मोठा अभंग घ्या, चार चरणांत ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक आयतंच मिळतं, आणि पोरांना ती चाल कानावरून माहीत असते.

कोड्याची उत्तरं शेवटच्या पाच मिनिटांत फोडा, तोवर भांडू दे.