जीपचा प्रोपेलर शाफ्ट स्वतः बनवायचा असेल तर

आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत कोणाची ऑफरोड गाडी ट्रेलरवर जात नाही. घोडबंदरवरून पहाटे निघायचं, नाशिक हायवेला शहापूरपर्यंत ८० ने पळवायची आणि मग तोच प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडची ताकद एक्सलपर्यंत नेणारा फिरता पाईप) घेऊन नाल्यात लो गिअर टाकायचा. म्हणून शाफ्ट नुसता मजबूत असून भागत नाही, सरळ फिरणारा पण पाहिजे, आणि घरी बनवणारे बहुतेक जण इथेच चुकतात कारण सगळं लक्ष वेल्डिंगवर असतं.

माझं पण तसंच झालं. महिंद्राच्या एमएम ५४० जीपला लिफ्ट केली (सस्पेन्शन उंच केलं), मागचा शाफ्ट आखूड पडायला लागला म्हणून नवीन पाईप टाकून बनवला, बीड (वेल्डची रेघ) एकदम छान आलेली, नाल्यात काही झालं नाही. पण हायवेवर ६० च्या पुढे गेलं की पायाखालचा पत्रा थरथरायचा आणि महिन्याभरात ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) मागचं ऑइल सील गळायला लागलं. रबाळेला लेथवाल्या काकांकडे शाफ्ट सेंटरवर चढवून डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावला तर मध्यभागी सव्वा मिलिमीटर आउट! काका म्हणाले, "वेल्डिंग चांगलंय रे, पण डायल कधी लावला होतास?" लावलाच नव्हता.

हिशोब सांगतो. टायरचा व्यास ७४ सेंमी आणि डिफचा (एक्सलमधला डिफरन्शियल) रेशो ४.८८ धरला तर ८० च्या स्पीडला शाफ्ट मिनिटाला जवळपास २८०० फेरे मारतो. अडीच इंची पाईपच्या कडेला फक्त १० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त असेल तर या स्पीडला पावणेतीन किलोचा ओढा बसतो, तोही सेकंदाला पंचेचाळीसहून जास्त वेळा दिशा फिरवत. सील आणि बेअरिंग किती दिवस सहन करणार.

सुरुवात मापापासून. गाडी स्वतःच्या चाकांवर सपाट जमिनीवर उभी, रोज असतं तेवढं सामान आत, आणि ट्रान्सफर केसच्या फ्लँजपासून (शाफ्ट बोल्ट होतो ती चकती) डिफच्या फ्लँजपर्यंत माप. मग चॅसी जॅक स्टँडवर घेऊन एक्सल पूर्ण लटकवून दुसरं माप, आणि बंप स्टॉपला (एक्सल वर येऊन जिथे अडतो तो रबर) टेकवून तिसरं. माझ्या गाडीला ६१२, ६४८ आणि ५९० मिमी आलं, म्हणजे स्लिप योकला (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा जोड) एकूण ५८ मिमी हालचाल पाहिजे. पूर्ण दबल्यावरसुद्धा आत २०-२५ मिमी जागा उरली पाहिजे, नाहीतर शाफ्ट थेट गिअरबॉक्सला ठोकतो, आणि पूर्ण लटकल्यावर स्प्लाइन (त्या जोडाचे लांब दाते) भरपूर आत अडकलेली पाहिजे. जॅकवर लटकलेल्या एक्सलचं माप धरून शाफ्ट कापू नका, ही चूक मी दोन मित्रांच्या गाडीत बघितलीय.

पाईप कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये मिळतो. सीमलेस (बिनशिवणीचा) किंवा सीडीडब्ल्यू (वेल्ड करून मग थंड ओढलेला) मागा. प्लंबिंगचा किंवा फॅब्रिकेशनचा साधा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून वेल्ड केलेला) घेऊ नका, त्याला आतून शिवण असते, गोलाई बरोबर नसते, जाडी एका बाजूला कमी एका बाजूला जास्त. आणि जीआय (झिंक चढवलेला) तर अजिबात नको, झिंकचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो आणि वेल्डमध्ये पण छिद्रं पडतात. अडीच इंच बाहेरचा व्यास आणि ३ मिमी जाडी ऑफरोडला पुरते. शाफ्ट लांब असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, लांबी दुप्पट झाली की ज्या आरपीएमला शाफ्ट दोरीउडीच्या दोरीसारखा फाकायला लागतो ती चौथ्या हिश्श्यावर येते. याच पाईपचा एक मीटरचा शाफ्ट साधारण १०,००० पर्यंत टिकतो, दीड मीटरचा साडेचार हजारावरच, आणि वापरायचं त्याच्या निम्म्या-साठ टक्क्यांपर्यंतच. जीपच्या आखूड शाफ्टला हा प्रश्न येत नाही, लांब पिकअपवाल्यांनी मात्र बघावं.

योक (पाईपच्या टोकाचे दोन कानांचे तुकडे) जुन्या शाफ्टचेच वापरा, फक्त झिजलेले नकोत. क्रॉस (दोन योक जोडणारा अधिक चिन्हासारखा सांधा) वेल्डिंगच्या आधी काढून टाका. हे महत्त्वाचं आहे कारण अर्थिंगचा करंट क्रॉसमधून गेला तर आतल्या नीडल बेअरिंगवर बारीक खड्डे पडतात आणि नवा क्रॉससुद्धा लवकर खडखडायला लागतो. नवीन घ्यायला जाताना क्रॉसच्या टोकावरचा जुना कप व्हर्नियरने मोजून न्या, १३१० सिरीजच्या क्रॉसचा कप साधारण २७ मिमीचा असतो.

जुनी वेल्ड ग्राइंडरने कापू नका, लेथवर काढा. टूल हळूहळू खाली जातं, वेल्डचा चकचकीत पट्टा बारीक होत जातो आणि एका क्षणी पाईप आणि योकच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसते, तिथे थांबायचं. मग दोन ठोके मारले की योक सुटतो आणि त्याची बैठक शाबूत राहते. नवीन पाईपची दोन्ही तोंडं लेथवरच काटकोनात फेस (सपाट) करून चँफर (तिरकी कड) मारून घ्या. योक पाईपमध्ये हातोडीने ठोकून किंवा प्रेसवर बसला पाहिजे, हाताने घुसत असेल तर फिट सैल आहे, तो शाफ्ट कधी सरळ होणार नाही.

आता फेज. दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत पाहिजेत. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा स्पीड एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, १० अंशाला दीड टक्का, २० अंशाला सहा टक्के, आणि समोरचा क्रॉस त्याच कोनात, त्याच फेजमध्ये असेल तरच तो फरक मरतो. मी दोन्ही योकच्या कपांच्या भोकातून २७ मिमीचा ब्राइट बार घालतो आणि एका टोकाला बसून डोळा लावतो, पुढच्या बारमागे मागचा बार लपला की जमलं. स्लिपची स्प्लाइन कुठल्या दातावर बसलीय तिथे सेंटर पंचने दोन बाजूला खुणा करा, नाहीतर पुढच्या वेळी ग्रीस करताना कोणीतरी उलटसुलट बसवेल.

मग चार टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), समोरासमोर, घड्याळाच्या १२ आणि ६, ३ आणि ९ वर. प्रत्येक टॅकनंतर शाफ्ट सेंटरवर फिरवून डायल बघा. टॅक थंड होताना पाईपला आपल्याकडे ओढतो, म्हणून जिकडे जास्त दाखवतो तिथे हलक्या हातोडीने ठोकून आणायचं. टोकाला पाव मिमी आणि मध्ये ०.४ मिमीच्या आत आल्याशिवाय मी पुढे जात नाही. लेथवरच टॅक मारत असाल तर अर्थ क्लँप पाईपलाच लावा, बेडला नको, बेअरिंग काकांची आहेत.

फुल वेल्ड व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे). योक फोर्जिंगचा असतो, म्हणून त्याला गॅसने १२०-१५० अंशांपर्यंत गरम करा, नाहीतर वेल्डच्या कडेला केसासारखी चीर येते. सीओटू वेल्डिंग मशीन असेल तर ०.८ मिमीची वायर बरी, रॉडवर करायचं तर ७०१८ नंबरचा रॉड, २.५ मिमी, ८०-९० अँपिअर, डीसी. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत ७०१८ चं उघडं पाकीट दोन दिवसात ओलं होतं, बेक केलेले रॉडच वापरा. पाव पाव घेर, समोरासमोर, मध्ये थंड होऊ देत. शेवटचा पाव घेर भरताना आतली गरम हवा बाहेर यायला बघते आणि बीडच्या शेवटी भोक पाडते, म्हणून आधीच पाईपला २ मिमीचं छिद्र मारून ठेवा आणि सगळं थंड झाल्यावर बंद करा. पाणी ओतू नका, हवेवरच थंड होऊ दे. मग परत डायल.

त्यानंतर बॅलन्सिंग बाहेरून करून घ्या. तिथे मशीनवर फिरवून पाईपवर छोटी पट्टी स्पॉट वेल्ड करतात. घरी होज क्लँप सरकवून थरथर कमी करता येते पण ती तात्पुरती सोय आहे, हायवेवर जाणारा शाफ्ट मशीनवरच जाऊ दे.

पुढच्या क्रॉसपासून दीडशे मिमीच्या आत शाफ्टभोवती एक लूप बसवा, ५० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड पट्टीचा, चॅसीला बोल्ट केलेला. पुढचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट खाली पडून जमिनीत रुतला तर गाडी मागून उचलली जाऊ शकते. हे मी कोणालाही टाळू देत नाही, घरच्या शाफ्टवर तर नाहीच.

पहिली ट्रायल रात्री रस्ता मोकळा असताना, ४०, मग ६०, मग ८०. थरथर आली तर त्याच स्पीडला गिअर न्यूट्रल करून बघा, तरीही राहिली तर इंजिनचा संबंध नाही, शाफ्ट किंवा टायर आहे. २०० किमी झाले की खाली झोपून फ्लँजचे बोल्ट परत टाइट करा, निपलला ग्रीस मारा आणि वेल्डवर वायर ब्रश फिरवून टॉर्चने पूर्ण घेर बघा, योकच्या बाजूची कडा आधी.